वल्हं न धरलेले मास्तर

आपल्या शिर्डीच्या मुलांना पाणी म्हणजे गोदावरी कालव्याचं आवर्तन. नाव पाहायची तर नदीवर जावं लागे. मग शाळेच्या स्मरणिकेत ही बाई नौकानयनाचं काय घेऊन बसली, असं तुम्हाला वाटेल. कामानिमित्त मी काही वर्षं अमेरिकेत सिएटलला होते. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बोटघराला हायरम कॉनिबेअर यांचं नाव दिलेलं आहे. ते कोण, हे वाचत गेले आणि आपले गुरुजन आठवत राहिले.

कॉनिबेअर यांचा जन्म १८७१ चा, इलिनॉय राज्यातला. त्यांचं काम खेळाडूंची तब्येत राखण्याचं. आधी सायकलपटू, मग मैदानी खेळ. १९०६ साली ते शिकागोच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे ट्रेनर होते आणि त्याच वर्षी तो संघ जगज्जेता ठरला. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात आल्यावर १९०७ मध्ये तिथला नौकानयनाचा संघही त्यांच्या गळ्यात पडला. या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

त्या काळी कॉलेजांच्या बोटींच्या शर्यतींचं तिकडे मोठं प्रस्थ होतं. न्यूयॉर्क राज्यात पॉकीप्सीला हडसन नदीवर पूर्वेकडची नामांकित विद्यापीठं झुंजायची. काठाने खास रेल्वेगाडी धावे आणि लोक तिच्यातून शर्यत बघत. बोटीत आठ वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला. आठही वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली नाहीत, तर सगळी ताकद वाया. पश्चिमेकडच्या या विद्यापीठाला तिथे कोणी खिजगणतीत धरत नव्हतं.

कॉनिबेअर यांनी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून माणसाचा सांगाडा आणला, असं सांगतात. तो बोटीतल्या सरकत्या बैठकीवर बसवला, हातात झाडूचा दांडा दिला आणि एकेक हालचाल तपासली. जुन्या इंग्लिश पद्धतीत वल्हेकरी फार मागे रेलतो आणि शरीरावर उगाच ताण येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रेलणं कमी केलं. पुढे ती कॉनिबेअर पद्धत म्हणून ओळखली गेली. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला मुळापासून डिबग करणं म्हणू.

१९१२ मध्ये त्यांनी व्हँकूव्हरला जॉर्ज आणि डिक पोकॉक हे इंग्रज नावाडी कारागीर भाऊ गाठले. बारा बोटी बांधायच्या म्हणून सांगितलं, पण प्रत्यक्षात पैसे जमले एकाच बोटीपुरते. तरी दोघे भाऊ आले. १९१३ ला वॉशिंग्टनचा संघ पॉकीप्सीला तिसरा आला. त्यापुढचं यश कॉनिबेअर यांना पाहायला मिळालं नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये अंगणातल्या प्लमच्या झाडावरून पडून ते गेले. वय अवघं सेहेचाळीस, म्हणजे आज आपल्या बॅचचं आहे तेवढंच.

खरा निकाल त्यानंतर लागला. त्यांचे विद्यार्थी रस्टी कॅलो यांच्या हाताखाली वॉशिंग्टनने १९२३ ला पॉकीप्सी जिंकलं. दुसरे विद्यार्थी एड लीडर यांनी तयार केलेल्या येल विद्यापीठाच्या संघाने १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण मिळवलं. बोटीत सुकाणू धरणारे के एब्राइट कॅलिफोर्नियात प्रशिक्षक झाले आणि १९२८, १९३२, १९४८ अशी तीन सुवर्णपदकं घेऊन आले. १९३६ ला बर्लिनमध्ये वॉशिंग्टनच्या मुलांनी इटली आणि जर्मनीला सेकंदभराच्या आत मागे टाकलं. त्यांचे प्रशिक्षक अल उलब्रिक्सन हे कॅलो यांचे शिष्य, आणि बोट जॉर्ज पोकॉक यांच्या हातची.

आपल्याकडचंच बघा. चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तिथला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हं धरायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरला. त्यालाही कोणीतरी पहिल्यांदा बोटीत बसवलं असेलच.

आपल्या शाळेतही तासिका रिकामी राहू नये म्हणून स्वतः न शिकलेला विषय अंगावर घेणारे सर आणि बाई होत्या. आदल्या रात्री वाचून सकाळी आम्हाला शिकवायच्या. दहावीच्या निकालानंतर आम्ही पांगलो, आमचं पुढे काय झालं हे त्यांच्यातल्या कित्येकांना कळलंही नाही. मेळाव्याला येणाऱ्या गुरुजनांना विनंती आहे, की सत्कार उरकून लगेच निघू नका. प्रत्येकाशेजारी थोडं बसा आणि विचारा, तू पुढे कोणाला काय शिकवलंस?