गाडगे महाराज
गाडगे महाराज, मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर (२३ फेब्रुवारी १८७६ – २० डिसेंबर १९५६), हे वऱ्हाडातील कीर्तनकार व समाजसुधारक होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनाने लवकर वारले. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे गेले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले.

अंगावर चिंध्या व डोक्यावर गाडग्याचे खापर अशा वेषात ते गावोगाव फिरत. दिवसा खराट्याने गाव झाडावे आणि रात्री तेथेच कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम होता. निरक्षर असलेल्या महाराजांच्या कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंगाची शास्त्रोक्त मांडणी नसे. नवसाचा बोकड, लग्नासाठी काढलेले कर्ज, दारू, शिवाशीव यांविषयी ते वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे श्रोत्यांकडूनच वदवून घेत. उत्तरे देता देता श्रोत्यांना आपल्याच वागण्यातील विसंगती दिसे. हशा पिके, तो स्वतःवरच. विनोद ही त्यांच्या कीर्तनाची सजावट नव्हती, तोच युक्तिवाद होता. दारूविषयीच्या विनोदामागे तर घरचाच अनुभव होता.

कीर्तनांतून जमलेल्या देणग्यांतून पूर्णेकाठी ऋणमोचनचा घाट आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळा उभ्या राहिल्या; स्वतः मात्र ते मागून आणलेल्या भाकरीवर राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांकडे सोपवली.

मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पुढच्याच महिन्यात अमरावतीकडे जात असता वलगावजवळ त्यांचे निधन झाले.