ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

हॅलेचा धूमकेतू सुमारे ७६ वर्षांनी सूर्याजवळ येतो आणि परतताना नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे जातो. १९१० साली तो लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एखादा ग्रह असेल काय, हा प्रश्न त्या काळी पाश्चात्त्य ज्योतिर्विदांपुढे होता. काही धूमकेतूंच्या कक्षा सूर्यापासून कोठवर जातात हे पाहून फ्लामारियाँ या फ्रेंच विद्वानाने तसे अनुमानही काढले होते. त्यानेच स्थापन केलेल्या फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत १९११ साली याच प्रश्नावर एक लेख आला. लेखक होते बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर.

केतकरांचा जन्म १८५४ सालचा, नरगुंदचा. कानडी मुलखात शाळाशिक्षकाची नोकरी करीत त्यांनी संस्कृत सिद्धांतग्रंथ आणि पाश्चात्त्य गणित या दोहोंवर प्रभुत्व मिळविले. हाताशी वेधशाळा नव्हती, मोठी दुर्बीण नव्हती. जे काही केले ते कोष्टके, कागद आणि चिकाटी यांच्या बळावर.

गुरूच्या उपग्रहांच्या भ्रमणकाळांत लाप्लासला एक विलक्षण मेळ आढळला होता. तसाच मेळ युरेनस, नेपच्यून आणि त्यांपलीकडील अज्ञात ग्रहांत असावा, असे केतकरांनी धरले. त्यांच्या गणितातून दोन ग्रह निघाले. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. पृथ्वी-सूर्य अंतर एक मानल्यास ब्रह्म्याचे सरासरी अंतर ३८.९५ आणि भ्रमणकाळ २४२.२८ वर्षे. पुढे १९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टॉम्बोला प्लूटो सापडला, तेव्हा त्याचे अंतर सुमारे ३९.५ आणि भ्रमणकाळ २४८ वर्षे ठरला. त्याच वर्षी केतकर निवर्तले.

या जवळिकीचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण तो बेताने बाळगावा. युरेनस, नेपच्यून आणि प्लूटो यांच्यात केतकरांनी कल्पिलेला मेळ नाही; नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात, एवढाच संबंध आहे. विष्णू तर कधी सापडलाच नाही. प्लूटोलाही २००६ मध्ये बटुग्रहांत बसविण्यात आले. केतकरांचा आकडा जुळला, यात योगायोगाचा वाटा मोठा आहे.

त्यांचे खरे कार्य घराघरांतल्या पंचांगात आहे. गणेश दैवज्ञाच्या १५२० सालच्या ग्रहलाघवावरून पंचांगे होत, आणि आकाशातील ग्रह त्यांतील गणिताशी जुळेनासे झाले होते. केरोपंत छत्र्यांनी सुधारणेला हात घातला होता. केतकरांनी ज्योतिर्गणित, केतकी ग्रहगणित, वैजयंती असे ग्रंथ रचून पंचांगकर्त्यांच्या हाती नवे साधन दिले. संस्कृत श्लोकांत आधुनिक गणित ओवण्याचे हे काम अजब आहे. शास्त्रीमंडळींचा विरोध काही थोडा नव्हता. तिथी ५४ घटकांहून लहान व ६५ हून मोठी असू नये हा जुना दंडक. चंद्राची प्रत्यक्ष गती तो पाळीत नाही. एकादशी कोणत्या दिवशी धरावी, श्राद्ध केव्हा करावे, इतका हा वाद घरात शिरणारा होता.

दुसरा वाद राशिचक्राच्या आरंभाचा. छत्रे आणि लोकमान्य टिळक रेवतीच्या तारकेकडे झुकले. केतकरांनी चित्रेच्या समोरचा बिंदू घेतला. फरक सुमारे चार अंशांचा, म्हणून मकरसंक्रांत चार दिवस पुढे-मागे, आणि एखाद्या वर्षी अधिक मासही निराळा. हरणीतील मराठी घरात वर्ष चैत्रात सुरू होते, शेजारच्या गुजराती घरात कार्तिकात. पण संक्रांतीचा पतंग दोघेही एकाच दिवशी उडवितात. टिळक पंचांग मानणाऱ्याच्या घरी मात्र तिळगूळ आधीच वाटून झालेला असतो.

मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात राशिचक्राच्या आरंभासाठी चित्रापक्षच स्वीकारला. केतकरांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.