धुराचा हिशेब ठेवणारे कुमारप्पा



थंडीच्या दिवसांत घरातल्या आजी-आजोबांना एकदा बंबाबद्दल विचारून पाहा. तांब्याचा उंच बंब, मधल्या नळीत वरून टाकलेली लाकडे, खाली जाळीतून पडणारी राख आणि तोटीतून येणारे कढत पाणी, हे सारे ते हौसेने सांगतील. चुलीवरच्या भाकरीची आणि वैलावर मुरणाऱ्या आमटीची चवही सांगतील. मग हळूच विचारा, की स्वयंपाकघराच्या भिंती कशा होत्या? उत्तर बहुधा एकच येईल, काळ्याकुट्ट. आणि आजीचे डोळे? ते लाल, पाणावलेले.

या धुराकडे आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या कुणी फारसे लक्ष दिले नाही. चूल पेटली की धूर होणारच, आणि तो बायकांनी सोसायचाच, असे सगळे धरून चालले होते. या धुरावर उपाय शोधणाऱ्या पहिल्या संस्थांपैकी एक संस्था वर्ध्याला होती, आणि तिचा कारभार पाहणारे गृहस्थ इंजिनिअर नव्हते की डॉक्टर नव्हते. ते होते विलायतेत शिकलेले हिशेबतपासनीस. त्यांचे नाव जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा, म्हणजेच जे. सी. कुमारप्पा.

तंजावर ते न्यूयॉर्क

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. आपल्या वडोद्याप्रमाणेच तंजावरलाही मराठी राजघराण्याचा इतिहास आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यांचे मूळ आडनाव कॉर्नेलियस. पुढे त्यांनी पूर्वजांचे कुमारप्पा हे नाव स्वीकारले. लंडनला जाऊन ते चार्टर्ड अकाउंटंट झाले. मायदेशी परतल्यावर मुंबईत त्यांचा हिशेबतपासणीचा व्यवसाय उत्तम चालला होता. राहणी पूर्ण साहेबी होती.

१९२७ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले आणि सिरॅक्यूज व कोलंबिया या विद्यापीठांत शिकले. कोलंबियात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सरकारी जमाखर्च आणि भारताचे दारिद्र्य यांवर प्रबंध लिहिला. आकडे मांडता मांडताच त्यांचे मन बदलले. इंग्रजी राज्यात देशाची भरभराट होते आहे ही त्यांची समजूत त्यांच्याच वहीने खोटी ठरवली.

हा प्रबंध गांधीजींना दाखवावा म्हणून ९ मे १९२९ रोजी ते साबरमती आश्रमात गेले. अंगावर पाश्चात्त्य पोशाख. झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारे गृहस्थ सूत कातत बसलेले दिसले. तेच गांधीजी! कुमारप्पाही तसेच कपड्यांची पर्वा न करता जमिनीवर बसले. त्या भेटीतून त्यांना काम मिळाले ते गुजरातमधल्या खेड्यांची आर्थिक पाहणी करण्याचे.

मातर तालुक्याची वही

गुजरात विद्यापीठाची धुरा तेव्हा काकासाहेब कालेलकरांकडे होती. काकासाहेबांचे आणि आपल्या शहराचे नाते जुने आहे. वडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिक्षक होते आणि तिथल्या घरगुती प्रथेनुसारच त्यांना 'काका' हे नाव मिळाले. सुटाबुटातला, गुजराती न येणारा हा माणूस खेड्यात काय टिकणार, अशी शंका त्यांना आली तर नवल नाही. पण कुमारप्पा टिकले.

आपण मही नदी ओलांडून आणंद-नडियाद मागे टाकले की खेडा जिल्ह्यातला मातर तालुका लागतो. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कुमारप्पांनी तिथली पन्नासहून अधिक गावे पायाखाली घातली. कोणाकडे किती जमीन, बैल किती, कर्ज किती, वर्षाकाठी हाती काय उरते, हे सारे त्यांनी नोंदवले. मोठमोठ्या कंपन्यांच्या वह्या तपासणारा माणूस आता शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च मांडत होता. १९३१ मध्ये ही पाहणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गुजरातच्या खेड्यांचा इतका बारकाईने केलेला अभ्यास त्या काळी विरळाच होता.

पुढे तुरुंगवास घडला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला तेव्हा मदतनिधीचे हिशेब सांभाळायला त्यांनाच बोलावण्यात आले. तिथली एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. गांधीजी आपल्या मंडळींसह बिहारला आले, तेव्हा कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना स्पष्ट कळवले, की या मंडळींचा खर्च मदतनिधीतून होणार नाही. निधी भूकंपग्रस्तांसाठी आहे, पाहुणा कितीही मोठा असो. गांधीजींनी ते मान्य केले. ज्याच्या नावे पैसा आला, त्याच्याच कामी तो लागला पाहिजे, हा त्यांचा बाणा जन्मभर राहिला.

मगनवाडीची चूल

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत संघाचे काम सुरू झाले. गांधीजींचे पुतणे आणि साबरमती आश्रमाचे व्यवस्थापक मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ त्या जागेला 'मगनवाडी' असे नाव देण्यात आले.

मगनवाडीत तेलघाणी होती, हातकागद होता, मधमाश्या होत्या, ताडगूळ होता. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' होता. आणि त्याच मालिकेत चाळीसच्या दशकात तयार झाली 'मगन चूल'.

ही चूल होती साध्या मातीचीच, गावच्या माणसाला गावातच बांधता येईल अशी. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा मोठा भाग भांड्याला लागतच नाही. तो आजूबाजूला वाया जातो आणि धूर घरभर पसरतो. मगन चुलीत पुढच्या तोंडाशी लाकूड पेटते, ज्वाळा पहिल्या भांड्याखालून जाते, मग मातीतल्या बोगद्यातून पुढच्या भांड्यांखाली जाते, आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर निघतो. आपल्या जुन्या चुलीच्या वैलाचीच ही सुधारून वाढवलेली बहीण म्हणा ना!

धुराडे धूर ओढते कसे, हे विज्ञानाच्या तासाला शिकलेल्या मुलांना सहज कळेल. तापलेली हवा हलकी असते, ती वर चढते. तिची जागा घ्यायला चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत शिरते. धुराडे जितके उंच आणि आतून जितके गरम, तितकी ओढ अधिक. म्हणून चूल पेटवताना आधी बारीक, कोरड्या काटक्यांनी धुराडे तापवून घ्यायचे आणि मग जाड लाकूड घालायचे. ओले लाकूड असेल तर बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते, धूर थंड होतो, ओढ मंदावते आणि आतून काजळीचा थर चढतो.

मात्र चूल बांधली म्हणजे काम संपत नाही. भांडे भोकावर नीट बसले नाही तर फटीतून धूर येतो. माती तडकली तर लिंपावी लागते. काजळी खरवडली नाही तर धुराडे तुंबते आणि चूल आधीपेक्षा जास्त धुरते. साचलेली काजळी पेटली तर छपरालाही आग लागू शकते. पुढे १९८३ पासून सरकारने देशभर तीन कोटींहून अधिक सुधारित चुली बसवल्या. त्यांतल्या कितीतरी काही काळातच बंद पडल्या, कारण घरच्या भांड्यांचे माप आणि नंतरची देखभाल यांचा विचार झाला नव्हता. चुलींची संख्या वहीत चढली, पण पुढे चूल चालते की नाही हे पाहायला कोणी गेले नाही. कुमारप्पांना असला हिशेब मुळीच पटला नसता.

टिकाऊ अर्थव्यवस्था

१९४२ च्या लढ्यात कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी चिरंतन अर्थव्यवस्थेवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. ते १९४५ च्या सुमारास प्रकाशित झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कोळसा, खनिज तेल ही निसर्गाची साठवणीतली शिल्लक आहे, ती वापरली की संपते. झाडे, पाणी, ऊन हा वाहता प्रवाह आहे, तो सांभाळून वापरला तर पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. पण लाकूडही जेवढे वाढते तेवढेच तोडले तर प्रवाह राहतो, नाहीतर तीही शिल्लक उधळणेच. म्हणून कमी लाकडात जास्त अन्न शिजवणारी चूल ही केवळ सोय नव्हती, ती त्यांच्या अर्थशास्त्राचा एक धडा होती.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेती सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९४९ मध्ये आला. पण देशाची वाट मोठ्या कारखान्यांकडे वळली होती आणि कुमारप्पांना ती पटत नव्हती. ते स्पष्ट बोलत राहिले आणि एकटे पडत गेले. लग्न केले नव्हते, पैसा जमवला नव्हता. काही काळ वर्ध्याजवळ सेलडोह येथे आणि अखेरची वर्षे मदुराईजवळच्या कल्लुपट्टी येथे त्यांनी काढली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या घरासाठी

आज आपल्या शहरातल्या बहुतेक घरांत गॅस आहे. मग ही गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची बालकेही खूप होती. धूर घराबाहेर काढला तरी तो गल्लीत राहतोच, म्हणून गॅस परवडत असेल तर तोच बरा. पण अजूनही कुणाच्या शेतावर चूल आहे, कुणाच्या मागच्या अंगणात बंब आहे, थंडीत कुणी शेगडी पेटवते. त्यांच्यासाठी हे थोडे नियम घरी मोठ्यांनी मुलांना मोठ्याने वाचून दाखवावेत.

बंब उघड्यावर किंवा वारा खेळत्या पडवीत ठेवावा, बंद न्हाणीघरात कधीही नाही. घरातल्या चुलीचे धुराडे छपराच्या वर पुरेसे उंच न्यावे, त्याच्या टोकावर पावसासाठी टोपी असावी. तापलेला पाइप लाकडी तुळईला किंवा कौलाखालच्या वाशांना भिडू देऊ नये. मध्ये मोकळी जागा आणि पत्रा असावा. चुलीखाली आणि भोवती माती, वीट किंवा फरशी हवी. सरपण कोरडे असावे आणि ते चुलीपासून दूर रचावे. रंग दिलेल्या फळ्या, प्लास्टिक, टायरचे तुकडे जाळू नयेत. पेटत्या लाकडावर रॉकेल कदापि ओतू नये. स्वयंपाक करणाऱ्याने सैल, सिंथेटिक पदर-ओढणी आवरून घ्यावी. राखेत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो, म्हणून राख पत्र्याच्या डब्यात काढून बाहेर ठेवावी. लहान मुलांना चुलीजवळ एकटे सोडू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. धुमसती कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. कोळसा लाल झाला की धूर दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. शेगडीजवळ बसलेल्यांचे डोके दुखू लागले, गरगरू लागले, मळमळले, तर दारे-खिडक्या उघडून सर्वांनी लगेच मोकळ्या हवेत जावे आणि १०८ ला फोन करावा.

कुमारप्पांनी वहीत फक्त रुपये-आणे लिहिले नाहीत. जळणाचा, कष्टाचा आणि माणसाच्या जिवाचा खर्चही खर्चच आहे, हे त्यांनी ओळखले. मित्रांनो, वर्ध्याला कधी गेलात तर मगन संग्रहालय अवश्य पाहा. १९३८ च्या डिसेंबरमध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. आणि वर्ध्याला जाणे होईपर्यंत एक काम घरच्या घरी करा. आपल्या स्वयंपाकघरातली हवा कुठून येते आणि कुठून बाहेर जाते, ते आजीला किंवा आईला सोबत घेऊन शोधून काढा. कुठे अडत असेल तर ती वाट मोकळी करा.