मार्कोनी आणि चार सत्ते

रेडिओचा शोध कोणी लावला? मार्कोनीने. एका मार्काचा प्रश्न, विषय संपला! पुढे कधीतरी जगदीशचंद्र बोस, टेस्ला, लॉज ही नावं कानावर येतात आणि खरा शोध कोणाचा यावर होस्टेलच्या गच्चीवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद रंगतो. तो वाद मी आज बाजूला ठेवतो. मला मार्कोनीच्या आयुष्यातली दुसरीच गोष्ट सांगायची आहे. एकाच आकाशात अनेकांनी एकमेकांच्या आड न येता बोलायचं कसं, या प्रश्नाने त्याची पाठ कधी सोडली नाही. आपण ई अँड टीसीवाले आज ज्याला फ्रीक्वेन्सी अलोकेशन म्हणतो, त्याची मुळं या गोष्टीत आहेत.

गुलिएल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्याला झाला. वडील जमीनदार, आई आयर्लंडची. पठ्ठ्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. तरीही १८९५ साली घरच्या माळ्यावर खटपट करता करता त्याने टेकडीपलीकडे, साधारण दोन किलोमीटरवर संदेश पोचवला. १८९६ मध्ये तो इंग्लंडला गेला, पेटंटचा अर्ज केला आणि १८९७ मध्ये कंपनी काढली. वय वर्षे २३!

पण एक अडचण होती. त्याच्या ट्रान्समीटरमध्ये ठिणगी पडायची आणि ठिणगीतून निघणारी लाट एका फ्रीक्वेन्सीवर राहत नाही, ऐसपैस पसरते. दोन स्टेशनं एकदम सुरू झाली की रिसीव्हरवर नुसती खिचडी. लॉजने १८९७ मध्येच ट्यूनिंगचं पेटंट मागितलं होतं. मार्कोनीने ती कल्पना पुढे नेली. दोन्ही बाजूंची कॉइल आणि कपॅसिटरची सर्किटं एकाच फ्रीक्वेन्सीला जुळवायची, म्हणजे आपलं तेवढं ऐकू येतं आणि बाकीचं मागे पडतं. आपण लॅबमध्ये एल-सी रेझोनन्सचं जे प्रॅक्टिकल उरकतो, तेच हे! या १९०० सालच्या ब्रिटिश पेटंटचा नंबर होता ७७७७. पत्त्यांच्या भाषेत चार सत्ते.

हातात चार सत्ते आले म्हणून डाव जिंकला असं नाही. १९०१ साली न्यूयॉर्कजवळ अमेरिका चषकाची बोटींची शर्यत होती. बातम्या आधी देण्यासाठी मार्कोनीची आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची यंत्रं एकदम सुरू झाली. कोणाचा कोणाला पायपोस नाही, सगळ्यांचे संदेश एकमेकांत अडकले. १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रात्यक्षिकाच्या वेळी नेव्हिल मॅस्कलिन नावाच्या जादूगाराने बाहेरून मुद्दाम भलतेच संदेश घुसवले आणि भर सभेत फजिती केली. आपलं यंत्र कितीही सुरेल असलं, तरी शेजारी बेसूर ठणाणा करत असेल तर उपयोग शून्य.

इथे मार्कोनीची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच्या कंपनीचे ऑपरेटर इतर कंपन्यांच्या यंत्रांशी सहसा बोलत नसत. धंद्याच्या दृष्टीने हुशारी, पण समुद्रावरच्या माणसाच्या दृष्टीने धोका. शेवटी १९०६ मध्ये बर्लिनला अनेक देश एकत्र बसले. यंत्र कोणाचंही असो, संदेश घेतलाच पाहिजे असं ठरलं. जहाजांसाठी ३०० आणि ६०० मीटरच्या तरंगलांबी नेमून दिल्या.

तरी पुरेसं नव्हतं. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवरचा ऑपरेटर जॅक फिलिप्स केप रेसला प्रवाशांचे संदेश पाठवण्यात गुंतला होता. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने बर्फाची सूचना द्यायला सुरुवात केली, पण जवळचा सिग्नल इतका मोठा की फिलिप्सच्या कामात व्यत्यय आला. त्याने समोरच्याला गप्प राहायला सांगितलं. समोरच्याने थोड्या वेळाने सेट बंद केला आणि तो झोपला. पुढे काय झालं ते आपण सिनेमात पाहिलंय. सुमारे १५०० माणसं गेली. दोन्ही ऑपरेटर मार्कोनी कंपनीचेच होते. आपण इंटरफिअरन्स म्हणजे खरखर समजतो. त्या रात्री त्याची किंमत फार मोठी होती. त्याच वर्षी अमेरिकेने रेडिओ कायदा केला. लायसन्स आलं, कोणी कुठल्या पट्ट्यात बोलायचं हे ठरलं आणि हौशी मंडळींना २०० मीटरच्या खाली, निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या लघुलहरींवर ढकललं गेलं.

गंमत अशी की त्याच लघुलहरी लांब पल्ल्याला उत्तम निघाल्या! मार्कोनीही तिकडे वळला आणि लाटा चहूकडे उधळण्याऐवजी एकाच दिशेला सोडणारी बीम पद्धत त्याच्या कंपनीने उभी केली. १९२७ मध्ये इंग्लंडशी अशी सेवा सुरू झाली ती आपल्या पुण्याजवळून. ट्रान्समीटर खडकीला, रिसीव्हर दौंडला. अंतर का? आपलाच आवाज आपल्या कानात बसू नये म्हणून. सोलापूरकडच्या मित्रांनो, दौंडला चहा घेताना हे आठवा.

मार्कोनीला १९०९ मध्ये फर्डिनांड ब्राऊनबरोबर नोबेल मिळालं. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या पक्षात गेला, हा डागही त्याच्या नावावर आहे. ट्यूनिंगच्या अमेरिकन पेटंटमधले महत्त्वाचे दावे १९४३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने रद्द केले, पण ते पाहायला तो नव्हता.

आज आपल्या मजल्यावर प्रत्येक रूममध्ये राउटर आणि सगळेच एका चॅनेलवर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, हे आपण परीक्षेत लिहितो. शेजारच्या रूमशी बोलून वाटून मात्र घेत नाही. मला वाटतं, मार्कोनीच्या आयुष्यातून शिकायचं ते हेच. ट्यूनिंग एकट्याला जमतं, वाटणीला सगळे लागतात.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये मार्कोनी गेला. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमध्ये बीबीसी आणि पोस्टाची वायरलेस स्टेशनं दोन मिनिटं बंद ठेवली गेली. जन्मभर गोंगाटाशी झुंजलेल्या माणसासाठी सगळ्यांनी मिळून ठरवून शांतता पाळली.