सर टी. माधवराव : त्रावणकोरची जकात आणि एक दिवाण

तंजावर माधवराव यांचा जन्म १८२८ साली तंजावूर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे एका मराठी देशस्थ घराण्यात झाला. वडील रंगराव व चुलते वेंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल यांच्या हाताखाली शिक्षण झाल्यावर माधवराव १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. पुढे १८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि तंजावरची गादी कंपनीने खालसा केली. दक्षिणेतील मराठी कारभाऱ्यांना परक्या संस्थानांचाच आश्रय उरला होता.

१८५८ साली ते दिवाण झाले, तो काळ बिकट होता. आदल्याच वर्षी अमेरिकेत उद्भवलेले आर्थिक अरिष्ट युरोपभर पसरले होते. उठावाच्या खर्चाने कर्जबाजारी झालेल्या हिंदुस्थान सरकारने १८५९ मध्ये आयात जकात सामान्यतः दहा टक्क्यांवर नेली. त्रावणकोरचा खजिनाही रिता होता आणि तंजावरचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. अशा वेळी कोणताही सावध दिवाण मक्तेदारी अधिक घट्ट करता. माधवरावांनी ती सोडली. मिरी पिकविणाऱ्या रयतेला आपला माल ठराविक भावाने सरकारलाच विकावा लागे. साहजिकच चोरटा व्यापार बोकाळला होता. १८६० मध्ये हा मक्ता उठवून केवळ निर्यात जकात ठेवण्यात आली. तंबाखूचा मक्ता १८६३ मध्ये गेला.

१८६५ चा करार हे त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत महत्त्वाचे, आणि माझ्या मते सर्वांत वादग्रस्त, कार्य होय. त्याच वर्षी मुंबईत कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला, तर पुढील वर्षी लंडनमधील ओव्हरेंड गर्नी ही पेढी कोसळली. या करारान्वये ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन व त्रावणकोर यांच्यामधील व्यापार मीठ, तंबाखू, अफू व मद्य वगळता जकातमुक्त झाला. व्यापार वाढला, हे खरे. परंतु बंदरांवरील आयात जकातीचे दर ब्रिटिशांच्या दरांशी जुळवावे लागले आणि मिठाचा भावही. त्याचा भार गरिबांवरच पडला. शिवाय पुढे स्थानिक धंद्यांना संरक्षण देण्याचे साधनही संस्थानाच्या हाती फारसे राहिले नाही. खुल्या व्यापाराच्या सिद्धांतावरील त्यांची निष्ठा प्रामाणिक होती. पण सिद्धांत आणि साम्राज्याचे हित येथे एकरूप झाले होते, याकडे त्यांच्या चरित्रकारांचे बहुधा दुर्लक्ष होते.

१८६६ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. आपलेच शिष्य असलेल्या महाराजांशी बेबनाव होऊन १८७२ मध्ये त्यांनी त्रावणकोर सोडले. नंतर इंदूर, आणि १८७५ ते १८८२ बडोदे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.