शून्याचा धनी

मुलीकडे न्यू यॉर्कला गेलो होतो, तेव्हा जावईबापूंनी मला एका मोठ्या इस्पितळाच्या बागेतली छोटीशी खूण दाखवली. ब्रॉडवेवर, १६८ व्या रस्त्यापाशी. पूर्वी तिथे हिलटॉप पार्क नावाचं बेसबॉलचं मैदान होतं आणि फलंदाज जिथे उभा राहायचा, ती जागा जपून ठेवली आहे. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. बेसबॉलमध्ये मला फारसं गम्य नाही. पण त्या जागेसमोर उभा राहून चेंडू टाकणाऱ्या वॉल्टर जॉन्सनची गोष्ट मात्र मनातून जाईना.

कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, जन्म १८८७ चा. आयडाहोतल्या एका लहान गावच्या संघातून १९०७ साली वॉशिंग्टनच्या संघात आला. हात लांब आणि चेंडू असा वेगवान, की फलंदाजाला दिसण्याआधी आवाजच ऐकू यावा. संघ मात्र तळाशी रेंगाळणारा. १९०८ चा हंगाम संपत आला, तेव्हा आठ संघांत सातवा!

त्या सप्टेंबरात संघ न्यू यॉर्कला आला. धडधाकट पिचर कमी पडत होते. ४ तारखेला, शुक्रवारी, जॉन्सनने चेंडू हाती घेतला आणि नऊ डावांत प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव दिली नाही. याला तिकडे शटआउट म्हणतात. ३-०. दमलेल्या हाताला खरं तर काही दिवस विसावा हवा. पण शनिवारी पुन्हा तोच उभा राहिला. ६-०. रविवारी न्यू यॉर्कमध्ये सामन्यांना कायद्याने बंदी होती, तेवढीच काय ती विश्रांती. सोमवारी पुन्हा तोच. ४-०. चार दिवसांत तीन सामने आणि समोरच्यांच्या खात्यावर शून्य! वय अवघं वीस.

एवढं करूनही त्या हंगामाअखेर त्याच्या नावावर विजय चौदा आणि पराभवही चौदाच.

मला इथेच थांबावंसं वाटतं. पिचर समोरच्याला रोखू शकतो, पण जिंकण्यासाठी आपल्या माणसांनीही धाव काढावी लागते. ते काही त्याच्या एकट्याच्या हाती नसतं. एकवीस हंगामांत जॉन्सनने ११० शटआउट केले. तो विक्रम आजही अबाधित आहे. आणि याच माणसाने १-० अशा फरकाने २६ सामने गमावले. एवढ्यावर कुणीही सहकाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली असती, दुसरा संघ गाठला असता. जॉन्सन अखेरपर्यंत वॉशिंग्टनचाच राहिला.

स्वभावाने इतका मऊ, की आपला चेंडू लागून कुणाचा जीव जाईल, याची त्याला धास्ती वाटे. टाय कॉबसारखा बेरकी फलंदाज हे ओळखून मुद्दाम पुढे सरकून उभा राही. चांगुलपणाची अशी किंमतही त्याने मोजली.

फळ मिळालं ते १९२४ साली, छत्तिसाव्या वर्षी. अजिंक्यपदाच्या मालिकेत आधीचे दोन्ही सामने हरलेला जॉन्सन सातव्या, निर्णायक सामन्यात बरोबरी असताना नवव्या डावात आला. चार डाव त्याने एकही धाव दिली नाही. बाराव्या डावात सहकाऱ्याने मारलेला साधा चेंडू टप्पा पडताना अचानक उसळून क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून गेला आणि वॉशिंग्टन जिंकलं. आयुष्यभर पाठ फिरवलेलं नशीब एका उसळीत परत आलं.

पुढे १९३० मध्ये पत्नी हेझल गेली. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या पहिल्या पाच जणांत त्याची निवड झाली. १९४६ च्या डिसेंबरात मेंदूतल्या गाठीने, एकोणसाठाव्या वर्षी, तो गेला.

बागेतून निघताना मी मागे वळून पाहिलं. आतल्या इमारतीत किती डॉक्टर, किती परिचारिका आपापल्या परीने रोखण्याचंच काम करत होते. पुढचं त्यांच्याही हाती नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उभे राहणार होते.