डॉ. पां. वा. सुखात्मे : ताटाइतकेच पाणीही महत्त्वाचे

तुमचे मूल नीट जेवते, तरी वजन वाढत नाही? शिरूर असो वा दौंड, ताटाबरोबर घरातले पिण्याचे पाणीही तपासा. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हेच सांगत राहिले.

ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते, संख्याशास्त्रज्ञ होते. १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे लंडनमध्ये शिक्षण. १९५२ पासून त्यांनी रोममध्ये अन्न व कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग सांभाळला. भारतात मुख्य तूट प्रथिनांची नसून एकूण अन्नाची आहे, असे त्यांनी आकड्यांच्या आधारे मांडले.

पुण्यात परतल्यावर त्यांनी स्वच्छ पाणी आणि शौचालयांवर भर दिला. वारंवार जुलाब किंवा जंत झाले की खाल्लेले अंगी लागत नाही. शरीर कमी आहाराशी काही मर्यादेत जुळवून घेते, या त्यांच्या मतावर मात्र वि. म. दांडेकरांसारख्या अभ्यासकांनी कडक टीका केली. त्यामुळे मुलाला कमी खाल्ले तरी चालते, असा अर्थ काढू नका.

१९९७ मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी ते गेले. तुम्ही एवढे करा : पाणी उकळून द्या, जेवणापूर्वी साबणाने हात धुवा, जुलाबातही मुलाचे जेवण थांबवू नका, ओआरएस द्या. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.